खारपाणपट्ट्यातल्या डोहात मेटल डिटेक्टर निरा बोंबलते, खोटे सिग्नल कमी कसे करा?

काळीमाती_दर्यापूर

राम राम मंडळी. इथं पयल्यांदाच लिहून रायलो, काई चुकलं तं सांभाळून घेजा.

गोष्ट अशी हाय का मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबा बैल धुवाले नाल्याच्या डोहात उतरले अन् साबण लावता लावता बोटातली सोन्याची आंगठी गेली. लग्नातली हाय, आठ ग्रॅमच्या आसपासची, खडा-बिडा काई नाई, साधी गोल कडी. तवा पाणी छातीएवढं अन् गढूळ, त्याच्यानं शोधाचा प्रश्नच नवता. आता एप्रिल लागला, नाला वाहनं कवाच बंद झाला, डोहात गुडघ्याएवढं पाणी उरलं, म्हणून हात घातला. बाबा कोणत्या बाभळीखाली उभे होते ते त्यायले पक्कं याद हाय, म्हणजे जागा लय झाली तं वीस बाय वीस फुटाची.

आमचं गाव खारपाणपट्ट्यात येते. ज्यायले माहीत नसन त्यायच्यासाठी सांगतो, पूर्णा नदीच्या दोन्ही अंगानं अमरावती, अकोला, बुलडाणा असा हा पट्टा जाते, विहीर खणा नाईतं बोअर मारा, पाणी तोंडात घेता येत नाई. डोहातलं पाणी पावसाळ्यात बरं असते पण आता आटून आटून असं झालं का बैल तोंड लावते अन् मागं सरकते. काठावर पांढरी खार फुलली हाय, पापडावाणी.

मशीन मित्राची आणली. व्हीएलएफ हाय (म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी सारख्या सोडणारी), एकच फ्रिक्वेन्सी, 15 किलोहर्ट्झ, कॉइल (दांड्याच्या खालची गोल चकती) पाण्यात चालते म्हणे. घरी आंगणात आत्याची आंगठी ठेवून पाह्यली तं एका वितीवरून मस्त सिग्नल देते. तेच मशीन डोहात नेलं तं निरा बोंबाबोंब. कॉइल पाण्यात घातली का चिरचिर, वर उचलली का चिरचिर, स्क्रीनवरचा धातूचा आकडा कवा 2 कवा 30 कवा 70, एका जागी थांबतच नाई. अन् मधामधात टक… टक… असा एक आवाज, कॉइल हालवा का नोका हालवू. दोन दिवसात चाळीसेक खड्डे केले, निंघालं काय तं बैलाच्या नाला, खिळे, बियरची झाकणं, गोळ्याच्या पाकिटाची चंदेरी पन्नी, तीन नाणे (पुलावरून पैसे टाकणारे लोक अजून हायेत बरं) अन् अर्ध्या खड्ड्यात तं काईच नाई, नुसता गाळ. जिथं काईच नाई तिथं मशीन वाजते काऊन?

सेन्सिटिव्हिटी निरी कमी केली तं शांत होते पण मंग आत्याची आंगठी पण आयकू येत नाई. यूट्यूबवर सगळे व्हिडिओ समुद्राचे, आपल्याइकडं समुद्र कोठी हाय. वरून गावातले पोट्टे काठावर बसून विचारते, गुप्तधन निंघालं का म्हणून. काय करा लागन ते सांगा.


सर्किटवाला

भाऊ मी मूर्तिजापूरचा, आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स केलं अन् आता मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे, डिटेक्टर दोन-तीन खोलून पाह्यले आहेत. तुमचा प्रश्न वाचून एक गोष्ट वाटते, तुम्ही सगळा दोष मिठावर टाकून रायले. पण तुम्ही लिहिलं त्यात मला कमीत कमी तीन वेगवेगळे रोग दिसते अन् तिघांचं औषध वेगळं आहे. सेन्सिटिव्हिटी कमी करणं म्हणजे ताप, खोकला, पोटदुखी सगळ्याले एकच गोळी देणं.

उद्या डोहावर गेले की खड्डा करायच्या आधी एवढं करा. मशीन चालू करा, कॉइल पाण्यात ठेवा अन् हलवूच नका, दोन मिनिटं नुसते उभे रहा. हे व्हीएलएफ मशीन कॉइल हलली तरच टार्गेट दाखवते, म्हणून हात थांबला तर आवाजही थांबला पायजे. नाही थांबला तर तो आवाज जमिनीतूनही नाही अन् पाण्यातूनही नाही, तो बाहेरून येऊन रायला, वीज-बिजेचा. तुमची टक टक मला तिथलीच वाटते. किती वेळानं येते ते मोजा. बराबर सेकंदाले एक अशी पडत असेल तर आजूबाजूच्या वावरात झटका मशीन आहे का पाहा. रानडुकरं अन् रोह्यांसाठी आता धुऱ्या-धुऱ्यावर झटका लावला आहे, ते मशीन कुंपणाच्या तारेत साधारण सेकंदाले एक विजेचा ठोका सोडते अन् ती सगळी तार म्हणजे लांबच लांब अँटेना. दुसरा संशय मोटारपंप अन् वरून जाणारी हायटेन्शन लाईन, पण ते टक टक नाही करत, त्याची घरघर असते. सोपी परीक्षा म्हणजे शेतीची लाईट गेली की मशीन शांत होते का ते पाहा. लोडशेडिंगचा एवढा तरी फायदा घ्या. झटका मात्र बॅटरीवर असते, तो लाईट गेल्यावरही चालूच राहीन, तो मालकाले सांगून बंद करा लागन. खिशातला मोबाईल पण फ्लाईट मोडवर टाका नाहीतर काठावर ठेवा.

मग कॉइल पाण्याबाहेर काढा, कमरेएवढी हवेत धरा अन् जोरात इकडून तिकडं फिरवा. हवेत फिरवताना वाजली तर रोग मशीनमधेच आहे. नव्वद टक्के वेळा केबल सैल असते. दांड्यावर केबल घट्ट गुंडाळा, कॉइलजवळ हलायपुरती थोडी ढील ठेवा, बाकी कुठंच लोंबकळू देऊ नका. अन् कॉइलच्या खालचं ते प्लास्टिकचं कव्हर काढून पाहा, त्याच्यात खारं पाणी अन् चिखल भरून बसला असेल. तो चिखल कॉइलसंगच फिरते अन् डुचमळला की मशीनले वाटते काहीतरी आहे. पाण्यात काम करताना मी तर कव्हर काढूनच टाकतो.

हे दोन्ही साफ झाले अन् तरी कॉइल खालीवर केली की चिरचिर येते, तर मग मीठ अन् माती. त्याच्यावर आपण नंतर बोलू, आधी हे करून सांगा.


नागपुरी_तर्री

अबे सीधा पल्स इंडक्शन घे ना, कायले डोकं लावून रायला. समुद्रात सगळे तेच वापरते. मीठ-बीठ काही समजतच नाही त्याले, एकदम शांत.


सर्किटवाला

तर्री भाऊ अर्धं बरोबर आहे. पल्स इंडक्शन म्हणजे पीआय, हे मशीन व्हीएलएफसारखं सारखं गात नाही, एक झटका सोडते, बंद होते, अन् मग थांबून ऐकते. झटका बंद झाला की पाण्यात जे करंट फिरतात ते काही मायक्रोसेकंदात विरून जाते, धातूतले जास्त वेळ टिकते. म्हणून मशीन साधारण 10-15 मायक्रोसेकंद थांबून मग ऐकते, तोपर्यंत मिठाचं बोलणं संपलेलं असते. बारीक चेन असती तर ती पण तेवढ्यात विरली असती, पण आठ ग्रॅमची कडी आरामात टिकते.

पण ज्या डोहात तीन पिढ्यांनी बैल धुतले तिथं पीआय नेणं म्हणजे काय होईन सांगतो. त्याले लोखंड अन् सोनं वेगळं करता येत नाही. एकूण एक नाल अन् नालेचा एकूण एक खिळा तो सारख्याच प्रेमानं दाखवीन, अन् पीआय खोल जाते म्हणून खड्डेही खोल. झटका मशीनचा त्रास तर त्याले व्हीएलएफपेक्षा कमी नाही. वीस बाय वीस फुटासाठी एवढा पैसा घालू नका. घ्यायचंच असेल तर मल्टी-फ्रिक्वेन्सी घ्या, पण ते पुढं.


अलिबागला_राहतो_अचलपूरचा

मी मूळ अचलपूरचा, नोकरीनं अलिबागला येऊन नऊ वर्षं झाली, रविवारी किनाऱ्यावर डिटेक्टर घेऊन फिरतो, बायको म्हणते भंगारवाला झाला. दर्यापूरचं नाव वाचलं म्हणून राहवलं नाही.

भाऊ तुमची अडचण समुद्रापेक्षा सोपी नाही, उलट एका बाबतीत वाईट आहे. कारण तुमच्याकडं दोन गोष्टी एकाच वेळी आहेत, खारं पाणी आणि काळी माती. काळी माती बेसाल्टची, तिच्यात लोहखनिजाचे बारीक कण असतात, ते मशीनला एका प्रकारचा सिग्नल देतात. खारं पाणी वीज वाहून नेतं म्हणून ते दुसऱ्याच प्रकारचा देतं, जवळजवळ पातळ पन्नीसारखा. आता तुमच्या मशीनमधला ग्राउंड बॅलन्स म्हणजे काय, तर 'हा सिग्नल जमिनीचा आहे, याच्याकडं दुर्लक्ष कर' असं एक सांगणं. एकच. मातीला गप्प केलं की मीठ ओरडतं आणि मिठाला गप्प केलं की माती. काही मशीनवर ग्राउंड बॅलन्सचा आकडा दिसतो, त्यात खनिजवाली माती वरच्या बाजूला ऐंशीच्या पुढं बसते आणि मीठ अगदी खाली, म्हणजे दोघांच्या मध्ये एवढं अंतर. रत्नागिरी, मालवणकडं काही किनाऱ्यांवर इल्मेनाइटची (लोहखनिजाची) काळी रेती आहे, तिथं ओल्या रेतीत मी पण असाच वैतागलो होतो.

मल्टी-फ्रिक्वेन्सी मशीन इथंच कामाला येतं. मिठाचा सिग्नल फ्रिक्वेन्सी वाढली की वाढतो, मातीचा जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळं दोन-तीन फ्रिक्वेन्सी एकदम सोडून मशीनला हिशोब लावता येतो की यातलं मीठ किती, माती किती. 2018 ला माइनलॅबचं इक्विनॉक्स आलं त्यात बीच 1 आणि बीच 2 असे मोड आहेत, बीच 2 पाण्याखालच्या कामासाठी, त्यात मशीन स्वतःच ताकद कमी करून सोडतं. म्हणजे बघा कंपनीपण तेच करते, ओरडून बोलण्यापेक्षा हळू बोल. अंधारात टॉर्च लावून धुक्यात पाहिलंय का कधी? फुल्ल लाईट मारला की धुकंच चमकतं. सेन्सिटिव्हिटीचं तसंच आहे, फुल्ल ठेवली की पाणीच चमकतं.

आता तुमच्याच मशीननं काय करायचं ते सांगतो.

ग्राउंड बॅलन्स काठावर कोरड्यात करून मग पाण्यात उतरत असाल तर तो निम्मा त्रास तिथूनच. पाण्यात उतरा, कॉइल पूर्ण बुडवा, तळापासून दोन-चार बोटं वर खालीवर करत तिथंच बॅलन्स करा. काठावरच्या पांढऱ्या खारेवर गेलात की परत करा, परत पाण्यात आलात की परत. मी किनाऱ्यावर ओल्या रेतीतून पाण्यात जाताना दर वेळी करतो, कंटाळा येतो पण करतो.

कॉइल एकतर पूर्ण पाण्यात नाहीतर पूर्ण बाहेर. अर्धी बुडलेली कॉइल म्हणजे खोटा सिग्नल नक्की, कारण दर झोक्याला पाण्याचं प्रमाण बदलतं. तुम्ही लिहिलंय ना, घातली की चिरचिर, उचलली की चिरचिर, ते हेच. आणि झोका देताना दोन्ही टोकांना कॉइल वर उचलली जाते सगळ्यांची, झाडू मारल्यासारखी, ते नको. तळाला समांतर, हळू, एकसारख्या उंचीवर. गुडघाभर पाण्यात दांडा तिरपा धरायला लागतो म्हणून हात लवकर भरून येतो आणि हात भरला की उंची बिघडते. दहा मिनिटं करा, थांबा.

मित्राकडं लहान कॉइल असेल तर ती मागा. मोठी कॉइल जास्त पाणी आणि जास्त माती बघते, लहान कॉइल कमी बघते. खोली थोडी जाईल पण जे ऐकू येईल ते खरं असेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, आत्याची आंगठी आंगणात नका टेस्ट करू, डोहात करा. नायलॉनच्या दोऱ्यानं काडीला बांधा (बांधाच, नाहीतर घरात दोन बायका रुसतील), चार बोटं गाळात दाबा आणि त्या पाण्यात, त्या बॅलन्सवर ती काय आकडा देते ते बघा. आवाज कानात बसवून घ्या. मग सेन्सिटिव्हिटी एक एक पायरी कमी करत जा, जिथं चिरचिर सहन होण्याइतकी होईल आणि आंगठी अजून स्पष्ट बोलते, ती तुमची जागा. अगदी खाली न्यायची गरज नाही. जाड आंगठीचा आकडा साधारण मधल्या भागात येतो आणि मीठ अगदी खालच्या आकड्यांत चिरचिरतं, म्हणून तुमच्या बाबतीत खालचे आकडे बंद केले तरी चालेल. हे बारीक चेन किंवा फुलीसाठी चालत नाही बरं, त्या मिठाच्याच घरात राहतात.


काळीमाती_दर्यापूर

सर्किट भाऊ पाय धरतो तुमचे. ते टक टक झटकाच निंघाला!! आमच्या शेजारच्या काकाच्या हरभऱ्याले लावला होता, हरभरा काढून महिना झाला तरी मशीन चालूच. काकाले म्हटलं तं म्हणे मले वाटलं म्या बंद केलं. बंद केल्याबरोबर टक टक गायब.

हवेत फिरवून पाह्यलं, थोडी वाजत होती. केबल सैलच होती, मित्रानं चिकटपट्टी लावली होती ती पाण्यात निंघून गेली. कव्हर काढलं तं खरंच मुठभर गाळ.

आता चिरचिर अर्ध्याच्या खाली आली पण हाय. अलिबागवाल्या दादानं सांगतलं तसं पाण्यात बॅलन्स करून पाहतो. एक विचाराचं रायलं, नाल अन् आंगठी आवाजावरून वळखता येते का? काल एक लय गोड, उंच आवाज आला, आकडा पण मोठा, बाबा काठावर उभे झाले, अन् निंघाली अर्धी तुटलेली नाल.


अलिबागला_राहतो_अचलपूरचा

नाल फसवतेच. चपटं, गंजलेलं, वाकलेलं, भोक असलेलं लोखंड हे सगळ्या डिटेक्टरवाल्यांचं दुखणं आहे, आकडा थेट वर उडी मारतो. खाऱ्या पाण्यात गंज भोवतीच्या मातीत पसरतो म्हणून अजून बिघडतं. दोन गोष्टी करा. सिग्नल आला की नव्वद अंशात वळून आडवा झोका द्या, खरी आंगठी गोल आहे, ती दोन्ही बाजूंनी सारखंच बोलेल, नाल एका बाजूनं गोड आणि दुसऱ्या बाजूनं घोगरी किंवा गायब. मग कॉइल हळूहळू सिग्नलपासून मागं ओढा, कॉइलचं टोक सुटता सुटता घोगरा आवाज आला तर लोखंड. आणि कॉइल दोन बोटं वर उचला, खरा सिग्नल हळू होत जातो, मिठाचा खोटा एकदम मरतो.

तरी शंभरातल्या काही नाला फसवतीलच. खणून टाका, पुढच्या वेळी ती तिथं नसेल.


गुरुजी_निवृत्त

सर्वांना नमस्कार. मी जिल्हा परिषद शाळेत विज्ञान शिकवायचो. डिटेक्टर हातात धरलेला नाही, पण प्रश्न वाचून थोडा हिशोब करावासा वाटला.

काळीमाती भाऊ, तुमच्या विहिरीच्या पाण्याची कधी तपासणी केली असेल तर त्यावर ईसी (पाणी वीज किती वाहून नेतं त्याचं माप) म्हणून एक आकडा असतो, डेसीसायमन प्रति मीटरमध्ये. ओलितासाठी 3 च्या वर गेला की पाणी त्रासाचं धरतात. समुद्राचं पाणी साधारण 50. आता तुमच्या भागात समजा 5-6 असेल तर ते समुद्राच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास झालं. म्हणून सर्किटवाले म्हणाले ते मला पटतं, एवढ्या मिठानं एवढी बोंब होऊ नये. पण डोहाचं वेगळं आहे. डोहातलं पाणी उन्हानं उडतं, मीठ उडत नाही. चार हिस्से पाण्याचा एक हिस्सा राहिला की क्षार चौपट. म्हणजे मे लागेपर्यंत थांबलात तर हेच पाणी आणखी कडक होईल, पाणी कमी झालं म्हणून काम सोपं होईल असं समजू नका.

दुसरी गोष्ट, आणि ही मला जास्त महत्त्वाची वाटते. कोरडं मीठ वीज नेत नाही. आपण वर्गात प्रयोग करायचो, मिठाच्या खड्यात दोन तारा घाला, बल्ब लागत नाही, पाण्यात विरघळवा की लागतो. तर मग तुम्ही त्या ओल्या खाऱ्या गाळातच का शोधता? गाळ बाहेर काढा आणि वाळवा! आपल्याकडं एप्रिलचं ऊन आहे, 42-43 तर सहज, त्याचा काही तरी उपयोग होऊ द्या. डोहाच्या त्या वीस फुटांत गोणपाट आणि मातीचा छोटा बंधारा घालून पाणी उपसा, वरचा हातभर गाळ घमेल्यानं काढून काठावर, खार नसलेल्या जागी, प्लास्टिकवर बोटभर जाडीत पसरा. तीन दिवसांत खडखडीत होईल. काळी माती वाळली की ढेकळं होतात, ती फोडा. मग त्यावर मशीन फिरवा. मीठ गप्प, फक्त मातीचा आवाज, आणि तो तर तुमचं मशीन घालवूच शकतं.

हातभर का म्हणतो, तर शुद्ध सोनं पाण्याच्या 19 पट जड, दागिन्याचं त्याहून थोडं कमी. पातळ गाळात ते वर राहत नाही, खाली कडक थर लागेपर्यंत जातं, आणि वरून बैलांचे पाय. सात-आठ महिने झाले, त्यामुळे वरच्या चार बोटांत मिळेल असं मला वाटत नाही. पण आडवं फार गेलं नसावं, जड वस्तू डोहातल्या संथ पाण्यात वाहत नाही.

एक सूचना, तो गाळ शोधून झाल्यावर वावरात टाकायचा मोह होईल, सगळे गाळ टाकतात. खाऱ्या डोहाचा आहे, आधी त्याचीही तपासणी करा. नाहीतर आंगठी मिळेल आणि एकर जाईल.


नागपुरी_तर्री

गुरुजी जबरदस्त. म्हणजे डिटेक्टरपेक्षा घमेलं भारी 😂


पांदणवाट

वाचून मजा आली पण एक सांगतो, गमतीत घेऊ नका. गावात डिटेक्टर दिसला की गुप्तधन हा शब्द पयल्या दिवशी येते अन् तिसऱ्या दिवशी पोलिस येते. आमच्या तालुक्यात रात्रीचे खड्डे खणणारे लोक पकडले होते, लिंबू-बिंबू सगळं सापडलं, तेव्हापासून कोणाच्या हातात मशीन दिसली की लोक फोन करते. 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्या भानगडीत नाव पण येऊ देऊ नका. तुम्ही पोलिस पाटलाले आधी सांगून ठेवा का बाबाची आंगठी शोधून रायलो, अन् काम दिवसाच करा. रात्री गारवा असते म्हणून रात्री जाऊ नका. नाल्यातून गाळ काढायचा आहे तर ग्रामपंचायतीत पण बोलून घ्या.

अन् शोधता शोधता जुनं काही निंघालं, नाणी-हंडी काही, तर गप खिशात टाकायचं नाही. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे, जमिनीत दडलेली वस्तू सापडली अन् किंमत 10 रुपयाच्या वर असली तर कलेक्टरले लेखी कळवा लागते. हो दहाच रुपये, तेव्हाचे. स्वतःच्या आंगठीले हे लागू नाही. नरनाळा, गाविलगड असल्या किल्ल्यावर तर मशीन घेऊन जायचा विचारच नको, संरक्षित स्मारकं आहेत अन् वरून मेळघाटचं जंगल.


नागपुरी_तर्री

मग लोणारचं काय? खारं पाणी तर तिथं खरं आहे, लोक शेकडो वर्षं आंघोळीले येते, दागिने पडले असतीन.


पांदणवाट

डोकं ठिकाणावर ठेव. लोणार सरोवर अभयारण्य आहे, 2020 मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आलं, काठाची देवळं पण जुनी. त्याच साली जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्या देशानं पाह्यलं, आता तिथं तू मशीन घेऊन उतर, तुलेच पाहीन सगळा देश.


गुरुजी_निवृत्त

शिवाय तिथलं पाणी नुसतं खारं नाही, क्षारीय आहे, पीएच 10 च्या आसपास. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे रंग बदलला होता. ते तळं बघण्याचं आहे, उपसण्याचं नाही.


सर्किटवाला

गुरुजीची गाळ वाळवायची आयडिया मी पण लिहून ठेवली. एक जोडतो, रोज काम झालं की कॉइल, केबल अन् कनेक्टर गोड्या पाण्यानं धुवा. खार वाळून कनेक्टरमध्ये बसली की घरच्या आंगणातही मशीन चिरचिरीन अन् मग तुम्ही म्हणान डोहानं बिघडवलं. तुमच्याकडं गोड्या पाण्याची मारामार आहे माहीत आहे, तांब्याभर पुरते, आधी ओल्या फडक्यानं पुसा मग तांब्या ओता.

अन् पायात लोखंडी टो वाले गमबूट, हातात कडं, कमरेले बेल्ट हे काहीही नको. घमेलं पण प्लास्टिकचं घ्या, लोखंडी घमेलं दोन फुटावर ठेवून लोक विचारते मशीन काऊन वाजते.


काळीमाती_दर्यापूर

मंडळी तीन हप्ते झाले, लिहाले टाइम नाई भेटला, मधात आतेबहिणीचं लग्न होतं.

पाण्यात बॅलन्स केल्यावर अन् आत्याची आंगठी काडीले बांधून पाह्यल्यावर बम फरक पडला. सेन्सिटिव्हिटी अर्ध्याच्या थोडी वर, खालचे आकडे बंद. आता काठावरच्या खारेवर अजून चिरचिरते पण पाण्यात जवळजवळ शांत. तीन दिवस पाण्यातच फिरलो, खड्डे फक्त अकरा, अन् अकराच्या अकरा ठिकाणी काई ना काई निंघालं, नुसता गाळ एकही नाई! नाला चार, घुंगरू दोन, एक वखराची तुटकी पास, नाणे, अन् एक चांदीचं जोडवं. जोडव्याचं गावात सांगतलं तं पाच बाया येऊन पाहून गेल्या, पाचही म्हणते आमचंच.

आंगठी नाई भेटली. मंग गुरुजीचं आयकून पोलिस पाटील अन् सरपंचाले सांगून बंधारा घातला, डिझेल पंपानं पाणी उपसलं, दोन दिवस चार जणं गाळ काढत होतो. बाबा खुर्ची टाकून बाभळीखाली बसते अन् म्हणते अजून उजव्या हातानं, अजून उजव्या हातानं. वाळलेल्या गाळावर मशीन खरंच कापसावाणी शांत हाय, खिळ्याचा तुकडा पण वेगळा आयकू येते. अर्धा ढीग पाहून झाला. अर्धा अजून ओला हाय कारण जाड पसरला, बोटभर म्हटलं होतं आमी वीतभर पसरला.

आता अडचण ही का परवापासून आभाळ येऊन रायलं, अवकाळी येईन म्हणते. ओला झाला तं परत तेच होईन का? ताडपत्री झाकून ठेवू का आजच्या आज पातळ करून पसरू?


गुरुजी_निवृत्त

दोन्ही करा. आज दिवसभर पातळ पसरा आणि ढेकळं फोडा, संध्याकाळी गोळा करून ताडपत्री टाका. ताडपत्री जमिनीला चिकटवू नका, दोन्ही बाजूंनी वारा जाऊ द्या नाहीतर आतल्या आत घाम धरेल. आणि ढिगाभोवती नाली काढा, खालून पाणी आलं तर झाकून उपयोग नाही. भिजलाच तर घाबरू नका, पावसाचं पाणी उलट क्षार धुऊन नेईल, फक्त पुन्हा वाळवावा लागेल. ढीग कुत्र्या-डुकरांनी उकरू नये याकडे लक्ष द्या.


अलिबागला_राहतो_अचलपूरचा

आणि पाहून झालेला अर्धा ढीग आत्ताच फेकू नका, वेगळा ठेवा. मशीन आडव्या बाजूनं फिरवलं होतं का त्याच्यावर?


काळीमाती_दर्यापूर

नाई ना दादा, एकाच बाजूनं 🤦 उद्या सकाळी आभाळ यायच्या आधी तोच घेतो पयले.